अन्न आहे, पण मूल खात नाही : एका वैद्यकीय प्रश्नाचा इतिहास

या पाठाचा विषय

दोन वर्षांचे एक मूल आहे असे समजा. ते फक्त दूध, साधा पांढरा भात आणि एका ठरावीक प्रकारचे बिस्कीट खाते. ताटात वरण दिसले तरी तोंड फिरवते. भाजीचा कण जिभेला लागला की त्याला उमासे येतात. घरात अन्नाची कमतरता नाही. आईवडील त्याला डॉक्टरांकडे नेतात. वजन होते, ते वयाच्या मानाने ठीक भरते आणि उत्तर मिळते : "भूक लागली की खाईल, काळजी करू नका."

बहुतेक मुलांच्या बाबतीत हे उत्तर बरोबर ठरते. थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र ते साफ चुकते आणि त्या चुकीची किंमत मूल व घर अनेक वर्षे मोजत राहते. हे उत्तर कुठून आले, ते इतके रूढ का झाले आणि दुसरे उत्तर मिळायला इतका उशीर का लागला, हे आपण या पाठात पाहणार आहोत.

उदाहरणासाठी आपण जयपूर हे शहर घेऊ. त्याला कारण आहे. बालरोगाची प्राचीन भारतीय परंपरा आणि आधुनिक बालरोगशास्त्र या दोन्हींच्या मोठ्या संस्था या एका शहरात आहेत. शिवाय अन्नाच्या हक्काचा देशातला सर्वांत महत्त्वाचा न्यायालयीन लढा याच शहरातून सुरू झाला. आपल्या प्रश्नाचे हे तिन्ही धागे इथे एकत्र येतात.

१. न बोलणाऱ्या रोग्याची परीक्षा

जयपूरच्या आमेर रस्त्यावर माधवविलास महालाच्या आवारात राष्ट्रीय आयुर्वेद संस्था आहे. तिची स्थापना फेब्रुवारी १९७६ मध्ये झाली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या विषयांत कौमारभृत्य, म्हणजे आयुर्वेदातले बालरोगशास्त्र, हा एक विषय आहे. त्याचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. हा ग्रंथ आपल्यापर्यंत पूर्ण पोहोचलेला नाही. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला.

काश्यपसंहितेतला वेदनाध्याय तुम्ही जरूर माहीत करून घ्या. मूल बोलू शकत नाही, मग त्याला काय दुखते हे वैद्याने कसे ओळखायचे, हा या अध्यायाचा प्रश्न आहे. उत्तर आहे निरीक्षण. कान दुखत असेल तर मूल हाताने कानाला स्पर्श करते. तोंडात विकार असेल तर लाळ गळते आणि स्तन नकोसा होतो. म्हणजे अन्न नाकारणे हा इथे हट्ट मानलेला नाही. ते एक लक्षण आहे आणि त्यामागचे कारण शोधणे हे वैद्याचे काम आहे.

दुसरी महत्त्वाची नोंद माधवनिदानावरच्या मधुकोश या टीकेत आहे. ती मुलांपुरती मर्यादित नाही, पण आपल्याला उपयोगी आहे. अन्नाच्या नावडीचे तिथे वेगवेगळे प्रकार केले आहेत. अन्न तोंडात घातल्यावर रुचत नाही, तो अरोचक. अन्नाचा नुसता विचार आला, ते दिसले किंवा त्याचे नाव ऐकले तरी किळस येते, तो भक्तद्वेष. राग, भीती अशा मनःस्थितीमुळे खाण्याची इच्छाच उरत नाही, तो तिसरा प्रकार. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येईल.

याच परंपरेत बालग्रहांची कल्पनाही आहे. सुश्रुतसंहितेत नऊ ग्रह सांगितले आहेत आणि त्यांतल्या अंधपूतनेच्या बाधेत मूल स्तनाचा द्वेष करते असे वर्णन आहे. आज आपण हे कारण मानत नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट टिपावी : 'मूल खात नाही' ही तक्रार वैद्याकडे नेण्याइतकी गंभीर आहे, हे त्या काळच्या समाजालाही मान्य होते.

घन अन्न कधी सुरू करावे यावरही या ग्रंथांत मतभेद दिसतो. सुश्रुत सहाव्या महिन्यात हलके अन्न सुचवतो. काश्यप सहाव्या महिन्यात फळ आणि दहाव्या महिन्यात अन्न असा क्रम देतो. आपल्याकडचे उष्टावण याच विचाराचे घरगुती रूप आहे. खाणे हे मूल टप्प्याटप्प्याने शिकते, ही समज त्यात आहे.

२. घड्याळ, चमचा आणि एक प्रयोग

आता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे येऊ. १८९४ मध्ये अमेरिकेत एमेट होल्ट यांचे बालसंगोपनाचे पुस्तक निघाले आणि कित्येक वर्षे ते घरोघरी वाचले गेले. किती वाजता, किती औंस, किती वेळा, हे सगळे त्यात ठरलेले होते. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी १९०७ पासून अशाच घड्याळी शिस्तीची चळवळ चालवली आणि ती ब्रिटिश साम्राज्यात पसरली. या शिस्तीत न खाणारे मूल हे बेशिस्त मूल ठरले. उपाय म्हणजे खंबीर आई.

या विचाराला पहिला मोठा धक्का दिला क्लारा डेव्हिस या महिला डॉक्टरने. १९२६ मध्ये त्यांनी एक प्रयोग सुरू केला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या मुलांपुढे साधे, प्रक्रिया न केलेले पदार्थ ठेवायचे. यादीत सुमारे ३४ पदार्थ होते. परिचारिकेने काही सुचवायचे नाही, आग्रह करायचा नाही. मुलाने हात पुढे केला किंवा बोट दाखवले, तरच चमचा भरायचा. १९३९ मध्ये त्यांनी एकूण १५ मुलांचा वृत्तान्त मांडला. प्रत्येक मुलाची निवड वेगळी होती, तरी सगळी मुले चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका मुलाने माशाच्या यकृताचे तेल स्वतःहून घेतले आणि बरे झाल्यावर सोडून दिले.

हा निष्कर्ष पुढे बेंजामिन स्पॉक यांच्या १९४६ च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचला. मुलावर विश्वास ठेवा, ते आपल्याला हवे ते खाईल, हा सल्ला रूढ झाला. 'भूक लागली की खाईल' या वाक्याला जे शास्त्रीय बळ मिळाले, त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा आहे.

पण प्रयोगाच्या मर्यादा पाहा. पहिली मर्यादा डेव्हिस यांनी स्वतःच सांगितली होती : खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर, मिठाई, बिस्किटे नव्हती. मुलाने काहीही निवडले तरी ते पौष्टिकच होते. दुसरी मर्यादा आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. ज्या मुलाला घास तोंडात फिरवता येत नाही, विशिष्ट स्पर्शाने उमासे येतात किंवा एकदा घशात अडकल्यापासून गिळण्याची भीती बसली आहे, त्याच्याबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. एका गटावरचा निष्कर्ष दुसऱ्या गटाला लावला गेला. अशी चूक तुम्हाला विज्ञानाच्या इतिहासात वारंवार भेटेल.

'खाईल' हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर का ठरते, तेही समजून घेऊ. जन्माच्या वेळचे वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात वाढ मंदावते आणि त्याबरोबर भूकही कमी होते. याच काळात मूल चालू लागते आणि अनोळखी पदार्थ तोंडात घालायला बिचकते. या बिचकण्याने मुलाचे विषारी वस्तूंपासून रक्षण होत असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. १९८२ मध्ये लिॲन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले की दोन वर्षांच्या मुलांना एखादा पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखायला मिळतो, तितका तो जास्त आवडू लागतो. तेव्हा साधी निवड ही वाढीची एक अवस्था आहे. संयम ठेवला, आग्रह टाळला, पदार्थ पुन्हा पुन्हा समोर आला, तर ती बहुधा मागे पडते. ज्यांची मागे पडत नाही, उलट खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी दर महिन्याला आखूड होत जाते, त्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे.

३. दोष कोणाचा?

१९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून 'ऑटिझम' या अवस्थेची मांडणी केली. या अकरांपैकी सहा मुलांना आयुष्याच्या सुरुवातीपासूनच खाण्याच्या गंभीर अडचणी होत्या, अशी नोंद त्यांनी केली. बाहेरच्या जगाची मुलाच्या विश्वात होणारी पहिली घुसखोरी म्हणजे अन्न, असा त्यांचा अर्थ होता. निरीक्षण मोलाचे होते. पण पुढच्या दोन दशकांत ऑटिझमचा दोष थंड स्वभावाच्या आईवडिलांवर, विशेषतः आईवर टाकला गेला. ब्रुनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने या समजाला मोठी प्रसिद्धी दिली. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी ऑटिझमचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असल्याचे मांडले होते, पण तो विचार रुजायला वेळ लागला.

खाण्याच्या तक्रारींचेही हेच झाले. तपासणीत शारीरिक कारण सापडले नाही की कारण आईत शोधले जाई. शारीरिक आणि मानसिक अशा दोनच खणांत मुले विभागली जात. प्रत्यक्षात एकाच मुलात दोन्ही असू शकते. बद्धकोष्ठ किंवा छातीत जळजळ यामुळे खाणे त्रासदायक होते, त्रासामुळे मूल नाकारते, नाकारल्यामुळे घरचे जबरदस्ती करतात आणि जबरदस्तीमुळे ताट दिसताच मूल रडते. सुरुवात कुठून झाली हे नंतर कोणाला सांगता येत नाही. आपल्या घरांत तर सासर-माहेर, शेजारपाजार सगळे आईलाच विचारतात, "तू याला नीट भरवत नाहीस का?" डॉक्टरांकडे जायला उशीर होतो, त्यामागे हा प्रश्नही असतो.

४. जयपूर, २००१ : अन्न नसण्याविरुद्धचा लढा

आता भारतातल्या यंत्रणेकडे वळू. स्वातंत्र्यानंतर आपल्यापुढचा प्रश्न उपासमारीचा होता. १९४३ चा बंगालचा दुष्काळ लोकांच्या आठवणीत ताजा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावागावात पोहोचली. तिथला काटा आणि वाढीचा तक्ता ही बालआरोग्याची मुख्य साधने बनली.

२००१ मध्ये राजस्थानात सलग दुष्काळ होता. जयपूरजवळच्या अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य साठून सडत होते आणि त्याच राज्यात माणसे उपाशी होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या राजस्थान शाखेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने सरकारी शाळांत शिजवलेले जेवण बंधनकारक झाले. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून ३०० कॅलरी आणि ८ ते १० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असेही ठरले. हा आदेश भारतीय बालपणाच्या इतिहासातला एक मोठा टप्पा आहे.

त्याच सुमारास मोजमापही अचूक होत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानके दिली. त्यासाठी ज्या सहा देशांतली मुले मोजली गेली, त्यांत भारत होता. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. अशा मुलांसाठी राजस्थानात कुपोषण उपचार केंद्रे आहेत. तिथे भुकेची चाचणीही घेतात : मोजून दिलेला आहार मूल किती खाते ते पाहतात. कमी खाल्ले तर आत काही आजार आहे असे समजून त्याला दाखल करून घेतात.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे या साऱ्याकडे मोजमापाची यंत्रणा म्हणूनही पाहते. कोणतीही यंत्रणा ज्यासाठी बनवली, तेच तिला दिसते. काटा आणि दंडपट्टी यांनी लाखो उपाशी मुले शोधली, हे त्यांचे यश आहे. पण दूध आणि बिस्किटांवर वजन राखणारे मूल या दोन्ही चाळण्यांतून सहज निसटते. त्याच्या शरीरात लोह कमी असेल, कारण गाई-म्हशीच्या दुधात लोह फार थोडे असते आणि दुधाने पोट भरले की इतर अन्न मागे पडते. लोह कमी झाले की भूक आणखी मंदावते. भाजी आणि फळ वर्षानुवर्षे न खाल्ल्याने जीवनसत्त्वांची कमतरता होते. वैद्यकीय नियतकालिकांत अशा मुलांना स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आहेत. खलाशांचा म्हणून इतिहासात शिकलेला हा रोग भरल्या घरातल्या मुलात सापडतो. काट्यावर मात्र यातले काहीही उमटत नाही.

५. २०१३ : तीन घटना

२०१३ हे वर्ष आपल्या विषयात कलाटणीचे आहे. त्या वर्षात तीन वेगवेगळ्या घटना घडल्या.

पहिली फेब्रुवारीत, महाराष्ट्रात. पालघर इथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. जन्मतः व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब अशा चार गटांत ३० अवस्थांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची आणि गरज असेल त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी ही योजना आहे.

दुसरी मे महिन्यात, अमेरिकेत. मानसविकारांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती, डीएसएम-५, प्रसिद्ध झाली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत बालवयातल्या खाण्याच्या विकारासाठी वजन न वाढणे किंवा घटणे ही अट होती. नव्या आवृत्तीत 'आरफिड' हे निदान आले. मराठीत आपण त्याला अन्न टाळण्याचा विकार म्हणू. त्यात वजन हा अनेक निकषांपैकी एक झाला. पोषणद्रव्यांची ठळक कमतरता, नळीने किंवा पूरक आहारावर अवलंबून राहणे, रोजच्या जगण्यात मोठा अडथळा, यांपैकी एक गोष्ट असली तरी निदान होऊ शकते. टाळण्याची कारणे तीन प्रकारे मांडली आहेत : खाण्यात रस नसणे, अन्नाचा स्पर्श-वास-रंग सहन न होणे आणि खाल्ल्याने काही वाईट होईल अशी भीती. पहिल्या भागातली मधुकोशातली विभागणी आठवा. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे चूक होईल. पण 'नावड' या एका शब्दाखाली अनेक गोष्टी दडलेल्या असतात, हे दोघांनीही ओळखले.

या निदानात एक अट आहे : अन्न उपलब्ध नसल्यामुळे खाणे कमी असेल, तर हे निदान करायचे नाही. म्हणजे हे निदान तिथून सुरू होते, जिथे उपासमारीचा प्रश्न संपतो.

तिसरी घटना सप्टेंबरमध्ये. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, असे प्रमाण त्याच्या अनुसूचीत आले. जयपूरहून निघालेल्या याचिकेतल्या मागणीला आता कायद्याचा आधार मिळाला.

तिन्ही घटना एकमेकींना पूरक आहेत, पण त्यांची गाठ पडली नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० अवस्थांत 'अन्न टाळणे' असे वेगळे नाव नाही. असे मूल रक्तक्षय, जीवनसत्त्वांची कमतरता किंवा ऑटिझम यांपैकी एखाद्या दारातून आत आले, तरच यंत्रणेला दिसते.

६. मदत कोण करते?

२०१९ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने बालकांच्या खाण्याच्या विकाराची व्याख्या मांडली. वयाला साजेसे तोंडाने खाणे किमान दोन आठवडे होत नसेल आणि त्यामागे वैद्यकीय, पोषणविषयक, खाण्याचे कौशल्य किंवा मानसिक-सामाजिक यांपैकी एक तरी कारण असेल, तर तो विकार. चार बाजू म्हणजे एका डॉक्टराने भागत नाही. बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, वाचा व गिळण्याचे उपचारक, व्यवसायोपचारक आणि मानसतज्ज्ञ लागतात.

यातली व्यवसायोपचार ही शाखा भारतात मुंबईत रुजली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर निंबकरांच्या मराठी घरात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. जेवणे, कपडे घालणे, हात वापरणे ही रोजची कामे हाच उपचाराचा विषय, हा या शाखेचा पाया आहे. घास चावणे, जिभेने तो दाढेकडे नेणे, नवा स्पर्श सहन करणे ही शिकण्याची कौशल्ये आहेत, या विचाराला त्यामुळे जागा मिळाली.

जयपूरमध्ये मुलांसाठीचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे जे. के. लोन. ते सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे आणि हे महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले. अशा मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना एका मुलामागे थोडीच मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत "काही खात नाही" हे वाक्य पुरेसे पडत नाही, कारण ते निम्मे आईवडील म्हणतात. त्याऐवजी नोंदी न्याव्यात :

• मूल खाते त्या सर्व पदार्थांची यादी आणि पूर्वी खात असे, पण आता सोडलेल्या पदार्थांची यादी.
• तीन दिवसांत काय, किती खाल्ले आणि त्यात दूध किती.
• खाताना खोकला, ठसका, उमासे किंवा उलटी होते का. बद्धकोष्ठ आहे का.
• नावड चवीची आहे, स्पर्शाची, की रंगाची.
• बोलणे, नजर देणे, खेळणे वयाप्रमाणे आहे का.
• जन्मापासूनच्या वजनाच्या नोंदी.

आणि दोन प्रश्न थेट विचारावेत : "लोह आणि जीवनसत्त्वांची तपासणी करायला हवी का?" आणि "याला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येईल का?" त्या केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, वाचा उपचारक, मानसतज्ज्ञ यांची पदे धरलेली आहेत. यादीत आजाराचे नाव नसले तरी लागणारी बरीच माणसे एका छपराखाली असू शकतात. मात्र घास घशात अडकून श्वास कोंडला, मूल पाणीही घेईनासे झाले किंवा लघवी खूप कमी झाली, तर नोंदींसाठी थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

सारांश

• अन्न नाकारणे हे लक्षण आहे, ही समज आपल्या वैद्यक परंपरेत जुनी आहे.
• 'भूक लागली की खाईल' हा सल्ला निरोगी मुलांच्या निरीक्षणातून आला. तो सर्व मुलांना लागू नाही.
• भारताची बालपोषण यंत्रणा अन्न न मिळणाऱ्या मुलासाठी उभी राहिली आणि तिचे मुख्य माप वजन आहे. ही गरज आजही संपलेली नाही.
• अन्न समोर असूनही खाऊ न शकणारे मूल या मापात दिसत नाही. २०१३ नंतर त्याला नाव मिळाले. आपल्या तपासणीच्या यादीत ते नाव अजून यायचे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. क्लारा डेव्हिस यांच्या प्रयोगात बिस्किटे आणि गोड पदार्थ ठेवले असते, तर निष्कर्ष कसा बदलला असता?
२. एखादा आजार सरकारी यादीत नसणे आणि तो समाजात नसणे, यांत काय फरक आहे? तुमच्या राज्यातले दुसरे उदाहरण शोधा.
३. तुमच्या तालुक्यातल्या अंगणवाडीत मुलांच्या कोणत्या नोंदी ठेवतात ते पाहून या. 'मूल काय खात नाही' याची नोंद करायची झाली, तर अंगणवाडीसेविकेचे काम फार न वाढवता ती कशी करता येईल? एका पानात लिहा.